येती पाटी

हर्षलने गाडी दुकानासमोर आणून उभी केली, तेव्हा पेंटर नत्थूजी एका शाळेचा फळा काळा करत बसले होते. इंजिन कधी बंद झालं ते कळलंच नाही. पांढरी, लांब, जराशी जुनाट गाडी. पण अशी उभी, जशी लग्नघरात मोठी आत्या उभी राहते. तिला कोणी बस म्हणायची गरज नसते.

"पाहा काका," हर्षल म्हणाला आणि त्याने दार लावलं. दाराचा आवाज झाला नाही. भरलेलं गाठोडं गादीवर ठेवावं, तसं ते लागलं.

पांढुर्ण्यात कोणी नवी फटफटी घेतली तरी लोक विचारतात, "का बे, मर्सिडीज घेतली का?" एखादा बैल ऐटीत चालला की म्हणतात, मर्सिडीज चालली पाहा. हा शब्द गावात कितीतरी वर्षांपासून नांदत होता. खुद्द ती मात्र नत्थूजींच्या दारात आज पहिल्यांदा आली होती.

शेजारचा सायकलवाला कवडू हातातली ट्यूब तशीच घेऊन उठला.

"खरी होय का गा?"

"खरी. पंच्याण्णवची. आपल्या देशात बनाले लागली तवाची. नागपूरच्या एका डॉक्टरकडून घेतली."

"म्हंजे तुह्यापेक्षा मोठी."

"तीन वर्षांनं."

"मंग आधी पाया पड तिच्या."

कवडूने गाडीच्या नाकावरच्या त्या तीन टोकांच्या चांदणीला हळूच बोट लावलं. चांदणी मागे कलली. कवडूने इंगळी चावल्यासारखा हात ओढून घेतला. "तुटली बाप्पा!" चांदणी आपली आपण पुन्हा सरळ झाली.

"खाली स्प्रिंग हाय, कवडूकाका. दाबली तं वाकते, सोडली तं उठते."

"म्हंजे माह्या साळ्यावानी," कवडू म्हणाला, पण बोट पुन्हा लावलं नाही.

हर्षलच्या वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान. दहावीत होता तेव्हापासून हा पोरगा ह्या एकाच गाडीच्या नादी. कपाटाच्या दाराला आतून तिचीच चित्रं. अकरा दिवसांवर त्याचं लग्न होतं आणि सौंसरला वरात ह्याच गाडीने न्यायची, हे त्याने नवरी पाहण्याच्याही आधी ठरवलेलं होतं. नवरी धनश्री. ती नत्थूजींच्या जावयाची, प्रवीणची बहीण. म्हणजे हर्षल आता गिऱ्हाइकापेक्षा थोडा जास्तच होता.

"काका, दुनियेत पहिल्यांदा मोटारीनं लांबचा प्रवास कोणं केला, मालूम हाय?"

"नाही बापा."

"बाईनं. ज्यानं ह्या घराण्यातली पहिली गाडी बनवली ना, त्याच्या बायकोनं. नवरा झोपला होता. तिनं दोन पोरं घेतले अन् त्याले न सांगता निघाली."

"कुठं?" कवडूने विचारलं.

"मायकडं. माहेरी."

नत्थूजींचा ब्रश फळ्याच्या कोपऱ्यात थांबला.

"तवा पेट्रोल पंप कुठले! औषधाच्या दुकानातून तेल घेतलं. रस्त्यात नळी चोंदली, तं टोपीची पिन काढून साफ केली. चढावर पोरं ढकलून राहिले अन् ही चालवून राहिली. शंभराक किलोमीटर. दिवस बुडता बुडता मायच्या गावी पोचली, अन् तिथून नवऱ्याले तार केली, का पोचलो म्हणून."

"आमची बसनं जाते," कवडू म्हणाला, "तरी चार दिवस आधीपासून ऐकवते, भाजी कोण करन, गाय कोण पाहीन."

हर्षल हसला. नत्थूजी हसले नाहीत. ते मनात अंतर मोजत होते. सौंसर इथून चाळीस किलोमीटरही नव्हतं.

"अन् हे मर्सिडीज म्हंजे काय? कंपनीच्या मालकाचं आडनाव?"

"नाही काका, तेच तं. पोरीचं नाव होय. एक व्यापारी होता. हा ह्या गाड्या विके, शर्यतीत पळवे. अन् शर्यतीत आपलं नाव न लिहिता पोरीचं लिहून दे. पोरगी दहा-अकरा वर्षांची. मंग त्यानं कंपनीले म्हटलं, नवी गाडी बनवा, मी घेतो, पण नाव माह्या पोरीचं ठेवा." हर्षलने बाहीने काचेवरचा एक ठिपका पुसला. "पुढं तं त्यानं आपल्या नावालेच तिचं नाव जोडून घेतलं. म्हणे, बापानं पोरीचं नाव लावल्याची ही पहिलीच वेळ असन."

"बापानं पोरीचं?" कवडूने ट्यूब खांद्यावर टाकली. "आपल्याकडं तं पोरीले पोरीचंच नाव राहत नाही."

तो सहज बोलला आणि आपल्या दुकानात गेला. नत्थूजींनी ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि बराच वेळ ढवळत राहिले.

हर्षलचं काम पाट्यांचं होतं. सौंसर-पांढुर्ण्याच्या लग्नांत वरातीच्या गाडीमागे नावाची पाटी लागते, आणि नत्थूजींकडे ती दोन तऱ्हांची होई. जाती पाटी आणि येती पाटी. जाती पाटीवर नवरदेवाचं नाव आणि नवरीचं माहेरचं. मग लग्न लागतं, ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, आणि निघताना गाडीवर दुसरी पाटी चढते. नव्या नावाची. ती पाटी जाताना कापडात गुंडाळून डिक्कीत पालथी ठेवायची, नवरीकडच्या कोणी वाचू नये म्हणून. नवरीला तिचं नवं नाव कळायच्या आठ दिवस आधी ते नत्थू पेंटरला कळलेलं असे.

आता फ्लेक्स आले. पांढुर्णा जिल्हा झाल्यावर कचेऱ्यांच्या पाट्यांचं थोडं काम निघालं, तेही मशीनवाल्यांनी नेलं. पाट्यांसाठी नत्थूजींकडे वर्षात चार-दोन माणसं येत.

"ह्या गाडीले फ्लेक्स चिटकवला तं ते रडन," हर्षल म्हणाला. "तुमच्याच हातचं अक्षर पायजे." आणि त्याने खिशातून आईच्या अक्षरातली चिठ्ठी काढून दिली. हर्षिता. "हर्षल संग हर्षिता. आईनं काढलं. जुळते ना?"

"जुळते," नत्थूजी म्हणाले.

प्रवीण संग प्रज्ञा, हेही जुळलं होतं.

तीन वर्षांपूर्वी असंच एक नाव सौंसरहून फोनवर आलं होतं. लेकीच्या, दामिनीच्या, लग्नाला पंधरा दिवस होते. व्याही मोठ्या मनाने म्हणाले होते, "पाटी दुसऱ्याकडून कायले कराची? घरचाच पेंटर हाय." आणि नत्थूजींना अभिमान वाटला होता. त्यांनी सागाची पातळ फळी आणली, दोनदा घासली, तिसऱ्यांदा घासली. सुतळीला खडू लावून रेघ झटकली. प्र काढताना त्यांनी जेवढी लांब शेपटी ओढली, तेवढी आयुष्यात कधी ओढली नव्हती. ज्ञ त्यांना नेहमी अवघड जाई. त्या दिवशी तो एका दमात उतरला. कडेला सोनेरी रंगाची बारीक किनार दिली. वरातीतले लोक पाटीचे फोटो काढत होते. "वा पेंटर! अक्षर पाहा! बापाचा हात हाय!"

दामिनी बसली, गाडी निघाली, पाटी लांब लांब गेली, आणि धूळ खाली बसल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसलं की आपण काय लिहिलं.

दामिनी हे नाव त्यांनीच ठेवलेलं होतं. ती झाली त्या दुपारी तिगावच्या बाजूला आभाळ चमकत होतं, म्हणून. लहानपणी ती दुकानात रंगाचा डबा धरून उकिडवी बसायची. पहिलं अक्षर शिकली ते अ नव्हतं, दा होतं. ट्रॅक्टरांच्या, ट्रॉल्यांच्या मागे नाव लिहून झालं की नत्थूजी खाली कोपऱ्यात राईएवढ्या अक्षरात 'दामिनी' लिहून ठेवत. दुसऱ्या कोणाला दिसायचं नाही. तिला दिसायचं. बसस्टँडवर ट्रॉली उभी दिसली की ती वाकून पाहायची आणि ओरडायची, "बाबा, मी!"

मग आधार कार्ड बदललं, बँकेचं पुस्तक बदललं. सौंसरला सासरे अंथरुणाला खिळलेले, सासूचे गुडघे गेलेले. पोरगी कामात बुडाली. वाईट कोणीच नव्हतं. प्रवीण तर देवमाणूस. पण राहायला म्हणून ती आलीच नाही. आली की सकाळी आली आणि संध्याकाळच्या बसने गेली. एकदा फोन वाजला आणि ती म्हणाली, "बाबा, मी प्रज्ञा बोलून राहिली." सहज म्हणाली. तिला कळलंही नाही. नत्थूजींनी सगळं बोलणं केलं, कपाशी कशी, संत्र्याचा बहार कसा, आणि फोन ठेवून दुकानाचं शटर दुपारीच ओढलं.

त्यांची बायको चंद्रकला गहू निवडताना ओव्या जुळवायची. वर न पाहता, सुपाशी बोलल्यासारखं.

सौंसर पांढुर्णा, वाट काही नाही फार
लेकीच्या पाउलाला आडवं येते कोणतं दार

आणि कधी तरी, नत्थूजी ऐकत आहेत हे ठाऊक असून,

नाव ठेविलं बापानं, कान टोचले मायनं
ताटी पसरले तांदूळ, पुसलं दुसऱ्या गावानं

"पुसलं ते गावानं नाही," नत्थूजी एकदा म्हणाले होते. चंद्रकलेने सूप थांबवलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाखडायला लागली.

लग्नाला पाच दिवस राहिले असताना चंद्रकला धावतच दुकानात आली. ती दुकानात कधी येत नसे.

"अहो, ऐकलं का! धनश्रीसंगं पाठराखीण म्हणून आपली पोरगी येऊन राहिली."

"कोण म्हणे?"

"तिचाच फोन होता. सासूच म्हणाली, का तूच जाय, तुह्यं गावच हाय ते. सत्यनारायण होईपर्यंत राहीन. तीन रात्री!"

नवरीसोबत पहिल्यांदा सासरी जाणारी पाठराखीण. हर्षलचं घर नत्थूजींच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. म्हणजे एकाच गाडीतून एक बाई सासरी येणार होती आणि दुसरी माहेरी. नत्थूजी समोरच्या भिंतीला टेकलेल्या दोन फळ्यांकडे पाहत राहिले. जाती पाटी लिहून झाली होती. येती कोरी होती.

"मी लग्नाले येत नाही," चंद्रकला म्हणाली. "तुम्ही जा. पोरगी येईन तवा घर उघडं पायजे. चूल पेटलेली पायजे."

दुसऱ्या दिवशी हर्षल पाट्या पाहायला आला. जाती पाटीवर 'हर्षल संग धनश्री' वाचून खूश झाला. मग येती पाहिली. तिच्यावर 'हर्षल संग' एवढंच होतं. पुढची जागा रिकामी.

"रंग संपला का, काका?"

"नाही." नत्थूजींनी हात पुसले. "एक विचारू का? धनश्रीले विचारलं का, हे नाव तिले पसंत हाय का म्हणून?"

"तिले कायले विचाराचं? रिवाज हाय तो. सगळ्यायचं बदलते."

"हो, बदलते." ते म्हणाले. "त्या व्यापाऱ्याच्या पोरीचं पुढं लग्न झालं असन ना?"

"झालं ना."

"मंग गाडीचं नाव बदललं का त्यायनं?"

हर्षल हसला. हसता हसता त्याने बाहेर पाहिलं. गाडी उन्हात उभी होती. शाळेतून घरी निघालेल्या दोन पोरी तिच्या काचेत आपल्या वेण्या पाहत होत्या.

"आई ऐकणार नाही, काका."

"मी आईले काई म्हणून नाही राहिलो. तुले म्हणून राहिलो."

"अन् लोक?"

"लोकायले मी सांगन, का पेंटरची चूक झाली. माही चूक म्हणून सांग. पण पोरा..." त्यांनी पाटीच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. "मी एकदा लिहिलं हाय असं. लय सुंदर लिहिलं होतं."

हर्षलने किल्ली बोटावर दोनदा फिरवली. "पाटी तशीच गाडीत ठेवतो," एवढंच म्हणाला. "रंग अन् ब्रश तुम्ही संगं आणा."

सौंसरच्या मंगल कार्यालयात दुपारी लग्न लागलं. गाडीभोवती एवढी गर्दी की नवरदेव कोण ते कोणी विचारत नव्हतं. म्हातारे दार उघडून, लावून पाहत होते. एक बाई लेकराला चांदणीजवळ उभं करून फोटो काढत होती. लोधीखेड्याहून आलेला एक पाहुणा सगळ्यांना सांगत होता, का मी अशीत बसलो आहे, आणि कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

नत्थूजींनी पिशवीतला रंगाचा डबा सांभाळत मांडवात नजर फिरवली. ती दिसली. हिरवी साडी, केसांत गजरा, हातात मोठं ताट. आधीपेक्षा बारीक झाली होती. पाठमोरी, घाईत, बायकांच्या गर्दीतून वाट काढत.

"दामिनी!"

त्यांनी हाक मारली. मोठ्याने मारली. खुर्च्यांवरच्या तीन बायका वळल्या. वाढपी वळला. दामिनी वळली नाही.

बँड नव्हता वाजत. ती दहा पावलांवर होती.

"दामिने!" त्यांनी पुन्हा म्हटलं, लहानपणी म्हणत तसं. ती चालत राहिली, एका बाईला सरक म्हणाली, आणि ताट डाव्या हातातून उजव्यात घेतलं.

मग नत्थूजींनी गळा साफ केला आणि म्हटलं, "प्रज्ञा."

ती लगेच वळली. "बाबा! केव्हा आले? आई?" चेहरा सगळा उजळलेला. ती वाकून पाया पडली, ताट न कलंडू देता. "थांबा, एवढे तांदूळ पोचवून येते."

ते हो म्हणाले. त्यांच्या हातातल्या डब्याचं झाकण नीट लागलेलं होतं, तरी त्यांनी ते दाबून पाहिलं.

ताट नवरानवरीसमोर ठेवलं. दामिनीनेच तांदूळ हाताने पसरले, सपाट केले. हर्षलच्या मागे त्याची आई, सुनंदाबाई. "लिव," त्या म्हणाल्या, "ह पासून."

हर्षलने अंगठी तांदळात टेकवली आणि क्षणभर तिथेच ठेवली. मग फिरवली. बायका वाकल्या. ताटात ध उमटला.

"अरे, ह! ह!" सुनंदाबाई म्हणाल्या.

"ध च हाय, आई."

"चिठ्ठीत काय लिवलं होतं मी?"

"चिठ्ठी हरवली."

"आठवत नाही का तुले?"

"आता हेच आठवून राहिलं," हर्षल म्हणाला, आणि मान खाली घालून न, श्री काढत गेला. कपाळावरचा घाम मुंडावळ्यांत उतरला होता. मागून कोणी तरी ओरडलं, "नवरदेव घाबरला!" सगळे हसले. धनश्री हसली नाही. ती ताटाकडे पाहत होती. आपलंच नाव, रोजचं, शाळेच्या वहीवरचं, पण कोणी घरी निरोप घेऊन यावं तसं ते तिच्यापुढे आलं होतं. तिने पदर ओठांशी नेला.

सुनंदाबाईंनी सुनेच्या मुंडावळ्या सारख्या केल्या. मग म्हणाल्या, "बरं बाई. माह्या तोंडून हर्षिता निघालं तं मात्र रागवाचं नाही. पंधरा दिवस घोकलं हाय मी."

ताटाची कड धरलेली दामिनी उभीच होती. नाव वाचून झाल्यावर तांदूळ सारखे करायचे असतात. तिने ते केले नाहीत.

बाहेर गाडीच्या सावलीत नत्थूजींनी येती पाटी मांडीवर घेतली. डिक्कीतली गरम फळी. सुतळीचीही गरज नव्हती, रेघ आधीच होती. ध, न... श्री काढताना मागे बांगड्या वाजल्या. दामिनी येऊन उकिडवी बसली, जशी दुकानात बसायची, आणि न सांगता रंगाचा डबा उचलून त्यांच्या हाताजवळ धरला.

अक्षर पुरं झालं. वेलांटी वळली.

"ही जागा तुम्ही रिकामी ठेवली होती ना?" तिने विचारलं. "हर्षलभाऊ सांगत होते."

"हो."

"बाबा, माह्या वेळी काऊन नाही ठेवली?"

रागाने विचारलं नव्हतं. तहान लागलेल्याने पाणी कुठे आहे म्हणून विचारावं, तसं. नत्थूजींनी ब्रश कापडात पुसला. लाल रंग निघाला, तरी पुसत राहिले.

"सुचलंच नाही, बाई," ते म्हणाले. "मले वाटे मी काम करून राहिलो. चांगलं काम करून राहिलो."

"चांगलं होतं," दामिनी म्हणाली. "पाटी अजून हाय आमच्याइथं. कपाटाच्या वर. झाडताना रोज दिसते."

"मघाशी मी तुले हाक मारली."

"केव्हा?"

"तू ताट घेऊन चालली होती. दोनदा मारली. वळली नाही तू."

तिचा डबा धरलेला हात खाली आला. ती आठवू पाहत होती, कानांत कुठे काही राहिलंय का ते शोधत होती. सापडलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसलं. मग डोळे भरले ते इतके अचानक, की तिलाच नवल वाटलं.

"ऐकू आलं नाही, बाबा. खरंच नाही आलं."

"जाऊ दे."

"नाही, जाऊ दे नाही." तिने मनगटाने नाक पुसलं, गालावर रंगाचा एक ओरखडा उमटला. "तुम्ही हाक मारत जा. फोनवर, घरी, इथं पाहुण्यायसमोर बी. आधी दहा वेळा नाही वळणार मी. पण मारत राहा. लागीन वळाले."

आतून कोणी तरी ओरडलं, "प्रज्ञा वं! पाठराखीण कुठं गेली? निघाची वेळ झाली!" ती उठली. हाकेसरशी उठली. उठता उठता तिला ते जाणवलं आणि ती बापाकडे पाहून ओशाळं हसली.

दिवस कलला तेव्हा निरोप झाला. धनश्रीचं रडणं, तिच्या आईचं रडणं, हर्षलचं चुळबुळणं. मागच्या सीटवर नवरी आणि तिच्या शेजारी दामिनी. जुनं कातडं बसताना दोन वेळा करकरलं. पाटीवरचा रंग ओला होता, म्हणून प्रवीणने पोरांना बजावलं, "पाटीले हात लावू नका रे, खालून लावा."

कारण गाडीला धक्का द्यायचा होता. नवरीच्या भावांनी गाडी पहिली चार पावलं ढकलायची, मग इंजिन चालू करायचं, असंच तिथे करतात. कितीही दमदार गाडी असो, बहिणीला नेताना भावांचा हात लागल्याशिवाय ती निघत नाही.

प्रवीण आणि त्याचे चुलतभाऊ मागे वाकले. नत्थूजी एकदम पुढे झाले आणि त्यांच्यात शिरले.

"बाबा, तुम्ही राहू द्या," प्रवीण म्हणाला. "लय वजनदार हाय. अन् हे भावायचं काम होय."

"तुम्ही तुमच्या बहिणीले ढकला," नत्थूजी म्हणाले. "माही बी पोरगी हाय आत."

प्रवीणने त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून जागा केली.

तीन वर्षांपूर्वी ते असेच एका गाडीमागे उभे होते, हात जोडून, आणि गाडी सौंसरकडे तोंड करून होती. आता तिचं तोंड पांढुर्ण्याकडे होतं. त्यांनी ओल्या अक्षरांच्या खाली, निवलेल्या पांढऱ्या पत्र्यावर दोन्ही तळवे टेकवले. कोणी तरी म्हटलं, हूं. भाऊ रडत ढकलत होते. नत्थूजींनी पाय रोवले, छाती लावली. सगळा जोर लावला. ती जड, म्हातारी, तालेवार गाडी पहिल्यांदा हललीच नाही, मग बोटभर हलली, मग आपल्याच मनाने सुटावी तशी निघाली.

इंजिन लागलं. पोरं थांबली. नत्थूजी थांबले नाहीत. गाडी हातातून सुटली तरी ते चार पावलं हात पुढे धरून चालत गेले.

"दामिनी!" त्यांनी हाक मारली.

काच वर होती. गाडी जामसावळीच्या रस्त्याला वळली.

ते कपडे झटकत उभे राहिले. त्यांना बसने जायचं होतं, अजून तासभराने. म्हणजे नवरीला घरात घेऊन झालं की दोन गल्ल्या ओलांडून ती त्यांच्या आधी घरी पोहोचणार होती. चुलीपाशी आईजवळ बसणार होती, आणि बस आली का, बाबा आले का, म्हणून अंगणात येऊन पाहणार होती. त्यांनी पिशवी उचलली आणि बसस्टँडकडे चालायला लागले. चालता चालता पुन्हा एकदा 'दामिनी' म्हटलं, आता हळू, सवय व्हावी म्हणून.